कुइदाओरे आणि बाबांची खर्चाची वही

ओसाकाला जायचं ठरलं तेव्हा बाबांनी नवी वही विकत घेतली. दोनशे पानी, लाल समासाची. बँकेतून कॅशियर म्हणून निवृत्त होऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण दिवसाचा हिशेब जुळल्याशिवाय अजून झोप लागत नाही. अशा माणसाला मी दोतोंबोरीत, ओसाकाच्या खाण्यापिण्याच्या वस्तीत, घेऊन चालले होते आणि तिथलं ब्रीदच मुळी 'कुइदाओरे', म्हणजे खाऊन खाऊन दिवाळं काढणं. क्योतोची माणसं कपड्यांपायी बुडतात आणि ओसाकाची खाण्यापायी, अशी तिकडे म्हणच आहे. विमानात मी याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

विमानतळावरून नानकाई रेल्वेने पाऊण तासात नाम्बा. बॅगा हॉटेलात टाकल्या आणि सातच्या सुमारास दोतोंबोरीच्या कालव्यावर येऊन उभे राहिलो. दोन्ही काठांवर दिव्यांच्या पाट्याच पाट्या आणि त्यांचे रंग पाण्यात सांडलेले. हा कालवा दोतोन नावाच्या एका व्यापाऱ्याने १६१२ साली खणायला घेतला. तो ओसाकाच्या किल्ल्यावरच्या लढाईत मारला गेला, काम नातेवाइकांनी १६१५ मध्ये पुरं केलं आणि कालव्याला त्याचं नाव लागलं. पुढे काठावर नाट्यगृहं उभी राहिली आणि नाटक बघायला आलेल्यांना जेवू घालायला खानावळी. नाट्यगृहं एकेक करत गेली, खानावळी वाढतच राहिल्या.

एबिसु पुलावर सगळे एकाच पोझमध्ये फोटो काढत होते. दोन्ही हात वर, एक पाय उचललेला. समोर ग्लिको कंपनीचा तो प्रसिद्ध धावपटू. १९३५ पासून तो इथे पळतोय, हल्लीची एलईडीची पाटी २०१४ची, सहावी. कंपनीची जुनी जाहिरात अशी की एका कॅरमेलमध्ये तीनशे मीटर पळण्याची ताकद. बाबांनी लगेच हिशेब केला, "म्हणजे डोंबिवली स्टेशन ते आपलं घर, चार गोळ्या."

याच पुलावर १९८५ साली हानशिन टायगर्स ही बेसबॉलची टीम जिंकत होती तेव्हा चाहते एकेका खेळाडूचं नाव पुकारत आणि त्याच्यासारखा दिसणारा कुणीतरी कालव्यात उडी मारे. रँडी बास या अमेरिकन खेळाडूसारखा गर्दीत कोण सापडणार? मग जवळच्या केएफसीसमोरचा दाढीवाल्या कर्नल सँडर्सचा पुतळा उचलून पाण्यात टाकला. त्या वर्षानंतर टीम वर्षानुवर्षं जपान सीरिजच्या, म्हणजे देशाच्या विजेतेपदाला मुकली आणि लोक म्हणू लागले, कर्नलचा शाप. पुतळा २००९ मध्ये गाळातून वर काढला, तरी जपान सीरिज पुन्हा जिंकायला २०२३ उजाडलं. "शाप उतरायला चौदा वर्षं लागली म्हणजे बघणारा भगत कच्चा होता," बाबा म्हणाले. आमचं मूळ गाव वेंगुर्ला. शाप, गाऱ्हाणं वगैरे विषयांत बाबांचा शब्द शेवटचा.

त्यांना खरा भुरळ पाडणारा मात्र धावपटू नव्हता. कानी दोराकू या हॉटेलच्या दर्शनी भागावर एक अजस्र खेकडा बसवलाय, पाय आणि डोळे हलवणारा. बाबा खाली उभे राहून मान वर करून बघतच राहिले. गावची भाषा अशा वेळीच बाहेर पडते. "हिका शिजवूक टोप खंयसून हाडतले गो?"

पहिलं खाणं ताकोयाकी. आपल्या अप्पेपात्राचा लोखंडी मोठा भाऊ म्हणता येईल अशा साच्यात पातळ पीठ, मध्ये ऑक्टोपसचा तुकडा, लाल आल्याचे कण आणि कांद्याची पात. पोऱ्या दोन टोच्यांनी गोळे इतक्या झपाट्याने फिरवत होता की नजर ठरेना. वरून सॉस, मेयोनीज आणि सुक्या बोनिटो माशाचे कागदासारखे काप. वाफेने ते काप वळवळतात, ते जिवंत असल्यासारखे दिसतात. आठ गोळे, सातशे येन. येनला साधारण ५५ ते ६० पैसे धरा. बाबांनी पहिला गोळा अख्खा तोंडात टाकला. असं कधी करू नये. वरून निवलेला दिसतो, आत लाव्हा असतो. डोळ्यांतलं पाणी पुसल्यावर त्यांनी निकाल दिला, "माकूलच आहे, नाव बदललंय." माकूल वेगळं आणि ऑक्टोपस वेगळा, हे मी दोनदा सांगून पाहिलं.

दुसऱ्या संध्याकाळी कुशिकात्सु. काड्यांना टोचून तळलेलं मांस, मासा, कांदा, कमळाचं देठ, काहीही. काउंटरवर सगळ्यांसाठी एकच सॉसचं भांडं आणि भिंतीवर ठळक सूचना: काडी एकदाच बुडवा, चावा घेतल्यावर पुन्हा नाही. सॉस कमी पडला तर फुकट मिळणाऱ्या कोबीच्या पानाने घ्यायचा. कोविडनंतर पुष्कळ दुकानांनी बाटल्या ठेवल्या, या दुकानात अजून भांडंच होतं. 'उष्टं' हा शब्द परक्यांना समजावताना माझी आजवर कायम दमछाक झालीय. इथे तो नियम भिंतीवर टांगलेला. बाबा प्रसन्न झाले आणि त्यांनी दुसरी बिअर मागवली.

पण मला सांगायचंय ते आधीच्या रात्रीचं भांडण. होझेन्जी नावाच्या देवळाच्या मागच्या अंगाला एक आठ खुर्च्यांचा बार. दार सरकवून आत गेलो, गरम ओला टॉवेल मिळाला, बिअर सांगितली. बिअरबरोबर न मागता दोन छोट्या वाट्या आल्या, उकडलेलं पालकासारखं काहीतरी, वर तीळ. बाबांनी कौतुकाने खाल्लं. बिल आलं तेव्हा त्यात चारशे येनच्या दोन नोंदी जास्त. याला ओसाकात 'त्सुकिदाशी' म्हणतात, तोक्योत 'ओतोशी'. बसल्याबद्दलची आकारणी, फक्त वाटीच्या रूपात. मालकाने फोनवरच्या भाषांतरातून हे नम्रपणे समजावलं. बाबांनी तितक्याच नम्रपणे सांगितलं की न मागितलेल्या वस्तूचे पैसे त्यांनी चाळीस वर्षांच्या नोकरीत कुणाकडून घेतले नाहीत. मी पैसे भरले. वहीत त्यांनी लिहिलं: 'संकीर्ण (अन्याय्य), ८००.'

तिथून बाहेर पडल्यावर होझेन्जीच्या देवळापाशी थांबलो. दोतोंबोरीच्या झगमगाटापासून दोन मिनिटांवर दगडी फरसबंदीचा बोळ, कंदील आणि शेवाळाने नखशिखांत हिरवा झालेला एक देव. मिझुकाके फुदो. लोक पळीने पाणी घालतात, हात जोडतात. इतकी वर्षं पाणी घालून घालून मूर्तीचा चेहराच दिसेनासा झालाय. फुदो म्हणजे न हलणारा, मूळचा आपल्याकडचा अचल. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे इथवर आला. बाबांनी चप्पल कुठे काढायची विचारलं. काढायची नसते म्हटल्यावर जरा घुटमळले, मग तीन पळ्या पाणी घातलं. हा बोळ २००२ आणि २००३ अशा दोन आगींत जळला होता. नव्या नियमाप्रमाणे रस्ता रुंद करावा लागला असता, पण लोकांनी खटपट करून तो पूर्वीसारखाच अरुंद ठेवून घेतला. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाच्या मीटिंगा आठवल्या आणि मी विषय बदलला.

कालव्याच्या उत्तरेला सोएमोंचोची गल्ली रात्री अकरानंतर वेगळीच होते. केस फुलवलेली, काळ्या सुटातली देखणी पोरं घोळक्याने उभी. "गॅदरिंग सुटलंय का कुठलं?" बाबांनी विचारलं. बायकांनी पैसे मोजून ज्यांच्याशी गप्पा मारत प्यायची असते अशा क्लबांची ही मुलं, हे वडिलांना सांगण्याची भाषा मला कुठल्याच शाळेने शिकवलेली नाही. "हॉटेल मॅनेजमेंट" म्हणून वेळ मारून नेली. एक इशारा गंभीरपणे देते: रस्त्यात बोलावणाऱ्याच्या मागे जाऊ नये. बिल किती येईल त्याला धरबंध नसतो.

तिसऱ्या रात्री फुगू. आमच्याकडे याच जातीच्या माशाला केंड म्हणतात आणि जाळ्यात आला की शिव्या घालून फेकतात. जपानात सोळाव्या शतकात हिदेयोशी या सत्ताधीशाने त्यावर बंदी घातली होती, सैनिक खाऊन मरायला लागले म्हणून. आता तो साफ करायला परवाना लागतो. ओसाकाचे लोक त्याला 'तेप्पो' म्हणतात, म्हणजे बंदूक: लागली तर मेलाच. पूर्ण जेवणाचा दर वाचून बाबांनी मेनू मिटला, मग तळलेल्या फुगूची एक प्लेट घेतली. "पापलेटापुढे काही नाही," वहीत शेरा.

निघायच्या आदल्या रात्री बाबा स्वतःहून म्हणाले, त्या आठ खुर्च्यांच्या बारात जाऊ. मालकाने ओळखलं आणि थोडा सावरून बसला. टॉवेल, बिअर, मग वाट्या. या वेळी वाटीत आल्यात शिजवलेले छोटे मासे. बाबांनी एक खाल्ला, थांबले, वाटी नाकाजवळ नेली. "तारली!" मी फोनमध्ये पाहिलं. इवाशी, म्हणजे तारलीच. मग बराच वेळ ते काही बोलले नाहीत, काटेसुद्धा वाटीत राहिले नाहीत. वाटी पुढे सरकवून त्यांनी बोटाने दाखवलं, अजून एक. मालकाने दोन्ही हातांची फुली केली. मेनूत नाही. त्सुकिदाशी एकदाच.

बाबा माझ्याकडे वळले. "बघ गो. नको होता तेवा दिल्यान, आता मागतंय तर नाय म्हणता."