बक्षीसपत्रातलं एक क्रियापद : माझा अनुभव

"मजकूर तपासून आणा." भर मे महिन्यात नागपूरच्या महाल भागातून आईला रिक्षात बसवून दोनदा नोंदणी कार्यालयात नेलं आणि दोन्ही वेळा एवढंच ऐकून परत आले. कुठलं वाक्य, काय चुकलं, कोणी सांगेना. तो राग अजून गेलेला नाही.

घर आईचं, बक्षीसपत्र, म्हणजे मोबदला न घेता घर देण्याचा दस्त, माझ्या नावे. मुद्रांक, डेटा एंट्री सगळं एका दुपारी आटोपलं होतं. अडलं ते मसुद्यात.

त्या रात्री लाल पेन घेऊन बसले. मुख्य वाक्य असं : "सदरहू मिळकत लिहून देणार यांच्या मालकीची असून, तिच्यावर कोणताही बोजा नसून, लिहून घेणार या त्यांचा सांभाळ करीत आल्या असल्याने, प्रेमापोटी सदरहू मिळकत त्यांना देण्यात येईल."

आधी असून, नसून, असल्याने या सगळ्यांखाली रेघा मारल्या. पण ही धातुसाधितं, म्हणजे क्रियापदापासून बनलेली रूपं, यांच्यावर वाक्य संपत नाही. 'लिहून देणार' (इथे आई) हे तर माणसाचंच नाव झालेलं. म्हणून सांगते, असं वाक्य पूर्णविरामापासून मागे वाचत या. तिथे सापडलं, 'देण्यात येईल'.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मी त आत्ताच देऊन राहिली न वं! मंग हे 'येईल' कायले?"

बरोबर बोलली. 'येईल' म्हणजे पुढे कधीतरी, आणि देणारं कोण, तेही वाक्यात नाही. ते वचन झालं, बक्षीस नाही. आईचं 'देऊन राहिली' मी कागदावर 'आज रोजी बक्षीस देत आहे' असं उतरवलं, कर्ता 'मी, लिहून देणार'.

मग सगळाच मसुदा क्रियापदं शोधत वाचला. 'स्वीकारले आहे' कुठेच नव्हतं! मालमत्ता हस्तांतरण कायदा, 1882 च्या कलम 122 प्रमाणे देणाऱ्याच्या हयातीत घेणाऱ्याने बक्षीस स्वीकारावं लागतं. ते वाक्य माझ्या नावाने घातलं. घर विकत घेणाऱ्यांनीही शेवटचं क्रियापद बघावं : 'विकली आहे' आणि 'विकण्याचे कबूल केले आहे' यांत जमीन-अस्मानाचं अंतर. नुसत्या कराराने मालकी येत नाही, असं त्याच कायद्याचं कलम 54 म्हणतं.

तिसऱ्या खेपेला दस्त नोंदला गेला. आईने सही केली तेव्हा माझे डोळे भरून आले.

आणि हो, बक्षीसपत्रावर निदान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. त्यांची ओळखपत्रं आदल्या रात्रीच पिशवीत टाका.