कधी पास, कधी फेल: सेटच्या ऑर्डरचा माझा अनुभव

पायथनमधली टेस्ट आपल्या मशीनवर पास होतेय आणि सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) मधूनच फेल, असं असेल तर आधी कोडमध्ये सेट, म्हणजे डुप्लिकेट न ठेवणारा आणि क्रमाची हमी नसलेला संग्रह, कुठे आहे ते शोधा, बाकी सगळं नंतर.

आमची टेस्ट साधी होती, टॅग सेटमध्ये गोळा करायचे, कॉमाने जोडायचे आणि ती ओळ अपेक्षित ओळीशी ताडून बघायची. कधी हिरवं, कधी लाल. लाल आलं की टीममधलं ठरलेलं उत्तर, "परत रन कर, होईल पास". आणि व्हायचीही! म्हणून कोणी हात लावत नव्हतं, याचा मला अजून राग आहे, कारण बग तिथेच होता, त्या रनला ऑर्डर जुळली इतकंच.

सगळ्यात जास्त घोळ झाला तो छोट्या नमुन्यात. त्यात टॅगऐवजी आकडे घेतले होते, आणि कितीही वेळा चालवा, ऑर्डर तीच. मग सेटवरचा संशय गेला आणि डेटाबेस, टाइमझोन, पॅरलल टेस्ट सगळं उकरून झालं. कारण शेवटी हे निघालं की सेटमध्ये कुठली गोष्ट कुठे बसते ते तिच्या हॅशवरून, म्हणजे तिच्यापासून काढलेल्या आकड्यावरून ठरतं; छोट्या पूर्णांकाचा हॅश म्हणजे बहुतेक तो आकडाच, तो बदलत नाही, पण स्ट्रिंगचा हॅश दर वेळी प्रोसेस सुरू होताना नव्या रँडम सीडने (सुरुवातीच्या आकड्याने) बनतो. पायथन 3.3 पासून म्हणजे 2012 पासून हे आपोआप चालू असतं, आणि ते योग्यच आहे, नाहीतर मुद्दाम एकमेकींवर आदळणाऱ्या, म्हणजे सारखाच हॅश येणाऱ्या कीज पाठवून कोणीही सर्व्हर लोळवू शकतं. म्हणजे एकाच प्रोसेसमध्ये लूप लावून काही दिसणार नाही, प्रोसेसच नव्याने सुरू करायला हवी.

सुटलं ते पायथनहॅशसीड (PYTHONHASHSEED) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमुळे, त्याने सीड आपण ठरवू शकतो. त्यात 1, 2, 3 असे आकडे देत गेलो, एका आकड्याला टेस्ट फेल झाली आणि मग त्याच आकड्याला दर वेळी फेल! काय हायसं वाटलं. जोडण्याआधी टॅगना सॉर्टेड (क्रमाने लावणारं फंक्शन) लावलं, संपलं. सीआयवर सीड कायमचा फिक्स करून ठेवू नका हां, बग नुसता झाकला जातो.

डिक्शनरीमुळे (की आणि व्हॅल्यूच्या जोड्या ठेवणारा पायथनचा प्रकार) पण लोक फसतात, तिची ऑर्डर 3.7 पासून टाकल्या क्रमाने पक्की आहे, सेटची नाही. गो भाषेमध्ये मॅपवर (तिथली डिक्शनरी) फिरताना ऑर्डर मुद्दामच रँडम ठेवलीय, मला ते आवडतं, चूक लवकर उघडी पडते. जावात क्रम हवा असेल तर हॅशमॅपऐवजी लिंक्डहॅशमॅप घ्या.

आणि हो, डुप्लिकेट काढायचे पण क्रम ठेवायचा असेल तर सेट नको, डिक्टचं, म्हणजे डिक्शनरीचं, फ्रॉमकीज (dict.fromkeys) वापरा.