सहा चिठ्ठ्या

२०२३च्या फेब्रुवारीत आमच्या जेवणाच्या टेबलावर आठवडाभर सहा चिठ्ठ्या पडून होत्या. कालनिर्णयचं जानेवारीचं पान फाडून केलेल्या. एकीच्या पाठीवर अर्धं राशिभविष्य. प्रत्येकीवर अमेरिकेतल्या एकेका गावाचं नाव, जिथे इमर्जन्सी मेडिसिनच्या रेसिडेन्सीसाठी, म्हणजे तिथल्या पीजीसाठी, माझी झूमवर मुलाखत झाली होती. भारतातून एमबीबीएस केलेल्या मुलीला या शाखेत सहा मुलाखती म्हणजे नशीबच. अमेरिकेतल्या ईआरमध्ये, म्हणजे इमर्जन्सी विभागात, काम करून, तिथल्या डॉक्टरांकडून ठरावीक साच्यातलं शिफारसपत्र आणावं लागतं. त्याला म्हणतात ‘स्लो’. नाव स्लो, पण त्यावाचून फाइल हलत नाही.

आता या सहांचा क्रम लावून मॅचच्या साइटवर भरायचा होता. मॅच म्हणजे उमेदवारांच्या आणि हॉस्पिटलांच्या पसंतीच्या याद्या जुळवून जागा ठरवणारी व्यवस्था. बाबांचं मत ठाम होतं : “जिथे नक्की लागेल ते वर टाक. तू बड्यांच्या दारात उभी राहशील तोवर खालचं भरून जाईल.” मलाही तसंच वाटत होतं, आणि माझी पहिली यादी तशीच झाली.

मग एका रात्री मॅच चालतं कसं ते नीट वाचलं. मुळाशी गेल आणि शॅप्ली यांचा १९६२चा लेख, आणि तो चक्क लग्नं जुळवण्याच्या गणितावर! १९९८पासून हे गणित उमेदवाराच्या यादीपासून सुरू होतं. आधी तुमची पहिली पसंती विचारली जाते. त्यांनी घेतलं तर जागा तात्पुरती तुमची. त्यांना अधिक पसंत असलेलं कुणी आलं तर तुम्ही उठायचं आणि दुसऱ्या पसंतीकडे जायचं. तिथे जागा भरलेल्या असल्या तरी त्यांच्या यादीत तुमच्याखाली असलेला बसला असेल, तर तो उठतो. उशिरा पोचल्याचा तोटा नाही. बाबांना हे तीनदा सांगितलं. आईला एकदाच. “म्हणजे आवडलेलं स्थळ आधी विचारायचं, नाही म्हणाले तर पुढचं. यात एवढं काय?”

एवढं हे, की आवडलेलं कुठलं तेच मला ठरवता येईना.

चार वर्षांचे प्रोग्रॅम दोन होते, बाकी तीन वर्षांचे. चौथं वर्ष म्हणजे अटेंडिंगच्या, रेसिडेन्सी संपवलेल्या डॉक्टरच्या, पगाराचं एक वर्ष गेलं, असा सरळ हिशेब सगळे मांडतात. व्हिसाचा प्रश्न आपोआप सुटला : स्टेप थ्री ही तिथली परवान्याची परीक्षा दिली नव्हती, त्यामुळे एच-१बी व्हिसा नाहीच. उरला जे-१. जे-१ म्हणजे नंतर दोन वर्षं भारतात, नाहीतर डॉक्टर कमी असलेल्या भागात नोकरी करून सूट. सहाही ठिकाणी तेच, मग क्रमाशी त्याचा काय संबंध?

एका ठिकाणाहून गोड मेल आला : तुम्ही आमच्या यादीत फार वर आहात. दोन दिवस ती चिठ्ठी सगळ्यात वर होती. मग कळलं, असल्या मेलला काही बांधिलकी नसते. मॅचचा निकाल मात्र दोघांनाही बंधनकारक. माझ्या मैत्रिणीलाही तिथून मेल होता, शब्दन् शब्द तोच.

शेवटी मी एका रात्रीवर आले. एमबीबीएसनंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत, बॉंडच्या वर्षी, ग्रामीण रुग्णालयात मण्यार चावलेला मुलगा आला होता. पापण्या मिटत चाललेल्या, आणि आमच्याकडे व्हेंटिलेटर नाही. १०८मध्ये त्याच्या डोक्याशी बसून मी जिल्ह्यापर्यंत हाताने श्वास देणारी अंबू बॅग दाबत राहिले. मुलगा वाचला. पण श्वासनलिकेत ट्यूब मला टाकता आली नव्हती, आणि विचारायला शेजारी कुणी नव्हतं.

म्हणून रेसिडेंट्सशी गप्पा झाल्या त्याच्या वह्या काढल्या. सगळीकडे मी एकच प्रश्न विचारला होता : पहाटे तीनला ट्रॉमाचा पेशंट आला तर ट्यूब कोण टाकतं? एकीकडे उत्तर आलं, “अॅनेस्थेशियाला बोलावतो.” एकीकडे, “वॉर्डात बेड नसल्यामुळे अडकलेल्या पेशंटांतच रात्र जाते.” डेट्रॉइटची मुलगी नुकती नाइट संपवून बसली होती, केस ओले. म्हणाली, “पहिल्या वर्षीच तू टाकतेस. अटेंडिंग खांद्याशी उभी असते. हात खिशात घालून.”

डेट्रॉइट दुसरं टाकलं. पहिलं न्यूयॉर्कचं ब्रॉंक्स : चार वर्षांचं, पण तिथेही हेच उत्तर होतं, आणि मावशी शेजारच्या न्यू जर्सीत. (हो, मावशीमुळेच.) मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने १ मार्चच्या रात्री नऊची, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातची. मी सहालाच यादी सर्टिफाय केली.

१३ मार्चच्या सोमवारी कळलं की मॅच झालंय. त्याच आठवड्यात बातमी आली की आमच्या शाखेच्या ३,०१० जागांपैकी ५५४ रिकाम्या राहिल्या. आदल्या वर्षी २१९ होत्या. आणि मी सहा चिठ्ठ्यांवर जीव टांगून बसले होते!

शुक्रवारी रात्री साडेनऊला मेल उघडला. डेट्रॉइट. आईने साखर आणली. बाबा टेबलावरच्या चिठ्ठ्या बघत होते. “दुसरं लागलं,” ते म्हणाले, “म्हणजे पहिल्याने नाही म्हटलं, तरी हे भरून गेलं नव्हतं.”