सान सेबास्तियन: बसायला मिळणार नाही, हे धरूनच चला

मित्रमंडळींबरोबर स्पेनच्या बास्क प्रांतातल्या सान सेबास्तियनचा वीकेंड ठरवताना पहिलं भांडण झालं ते रेस्टॉरंटवरून. अर्झाक, अकेलारे, मार्तिन बेरासातेगी अशी तीन-तीन मिशेलिन स्टारवाली नावं या एवढ्याशा शहरात आणि त्याच्या शेजारी आहेत. दोघांना तिथेच जेवायचं होतं. बाकीच्यांनी बिलाचा अंदाज काढला आणि विषय मिटला. जे काय खायचं ते जुन्या गावातल्या बारमध्ये, उभ्याने.

मार्चचे दिवस होते. बिल्बाओच्या विमानतळावरून बसने साधारण सव्वा तासात पोचलो, तेव्हा भुरभुर पाऊस चालू होता. बॅगा टाकल्याबरोबर सगळ्यांकडून सारखे पैसे गोळा केले आणि आमच्यातल्या सगळ्यात चिकट माणसाला खजिनदार नेमलं. बारमध्ये फिरणारी तिथली टोळकीही असाच सामाईक गल्ला करतात. नाहीतर दर दाराशी हिशेब करत बसावं लागेल, कारण एका बारमध्ये एक-दोन पिंचो, म्हणजे तिथले छोटे चटकदार घास, खाऊन पुढच्या बारमध्ये सरकायचं, हीच तिथली रीत. आपल्याला एकदा जागा मिळाली की सगळं तिथेच मागवायची सवय. ती मोडायला शुक्रवारची अख्खी संध्याकाळ गेली.

काउंटरवर ताटंच्या ताटं मांडलेली असतात, पण ती पाहून हुरळून जाऊ नका. ते सगळं थंड. खरा माल भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेला असतो आणि तो सांगितल्यावर आतून गरम करून येतो. गर्दीतून कोपर पुढे घालायचं, बारवाल्याशी नजरानजर झाली की पटकन सांगायचं, आणि बहुतेक ठिकाणी पैसे शेवटी द्यायचे. पेय लहानच घ्यावं. चाकोली ही तिथली हलकी, आंबटसर व्हाइट वाइन. बाटली हातभर उंच धरून ग्लासात ओततात.

थंडातला एक पदार्थ मात्र चुकवू नये, तो म्हणजे हिल्दा. एका काडीला हिरवं ऑलिव्ह, व्हिनेगरमधल्या लांबट हिरव्या मिरच्या आणि खारवलेला अँचोव्ही मासा. हॉलिवूडची नटी रिटा हेवर्थ हिच्या ‘गिल्डा’ या १९४६च्या गाजलेल्या भूमिकेवरून हे नाव पडलं, स्पॅनिश उच्चार हिल्दा. कुरतडत बसायचं नाही, सगळं एकदम तोंडात. आधी खारट, मग आंबट, आणि गिळताना जरासं तिखट.

आमच्यातली एक मैत्रीण शाकाहारी, अंडं चालतं. तिचे हाल होणार हे गृहीतच होतं. ‘मांस नको’ म्हटल्यावर एका ठिकाणी तिच्यापुढे ट्यूना आला. मग तिने मोबाइलवर स्पॅनिशमध्ये ‘मांस नको, मासे नको, हॅम नको’ असं लिहूनच ठेवलं. गांबारा नावाच्या बारमध्ये परतलेले मशरूम आणि मधोमध कच्चा पिवळा बलक अशी बशी आली, ती तिने कोणाला फार चाखू दिली नाही. बार नेस्तोरमधल्या तोर्तियासाठी, म्हणजे बटाट्याच्या जाड ऑम्लेटसाठी, तर आधी जाऊन नाव लिहावं लागतं. दुपारी एक आणि रात्री एक, एवढ्याच बनतात. आमचा खजिनदार दुपारी बाराला जाऊन उभा राहिला म्हणून तुकडे मिळाले. बाहेरून घट्ट, आतून वाहणारं. पूर्ण शिजलेलं ऑम्लेटच लागत असेल, तर रांगेतली जागा दुसऱ्याला द्या.

शनिवारी रात्री शेजारच्या अस्तिगारागा गावात सायडरघरात गेलो; सायडर म्हणजे सफरचंदाची दारू. जानेवारी ते एप्रिल हा त्यांचा मोसम, आधी बुकिंग हवंच. जेवण ठरलेलं असतं: कॉड माशाचं ऑम्लेट, मिरच्यांबरोबर तळलेला कॉड, मग बीफचा जाडजूड तुकडा, शेवटी चीज आणि अक्रोड. दोघे बीफ खात नव्हते. त्यांनी ऑम्लेटवर हात मारला. मधूनच कोणीतरी ‘चोच!’ अशी बास्क हाक देतं (पक्ष्याच्या चोचीशी संबंध नाही), की सगळे ग्लास घेऊन भल्यामोठ्या पिंपाकडे धावतात. पिंपातून बारीक धार उडते, ती तिरप्या ग्लासात झेलायची. दोन घोट पिऊन परत जागेवर. पहिल्या फेरीत माझा बूट ग्लासापेक्षा जास्त प्यायला.

रविवारी ला व्हिन्या. बार ज्या गल्लीत आहे तिचं नाव ‘३१ ऑगस्ट’. १८१३ साली त्या दिवशी फ्रेंचांकडून शहर घेणाऱ्या इंग्रज-पोर्तुगीज फौजेने ते लुटलं आणि जळून जवळजवळ राख झालं. वाचलेल्या थोडक्या घरांची ही गल्ली. जगभर पसरलेला वरून करपवलेला बास्क चीजकेक इथलाच. खाली बिस्किटाचा थर नाही, वरची साल कडवट-काळपट, आत थेट आपल्या खरवसासारखा मऊ. एका बशीत दोन निमुळते तुकडे येतात.

रविवारी संध्याकाळी आणि सोमवारी बरेच बार बंद असतात, म्हणून परतीची बस आम्ही दुपारचीच घेतली होती. गल्ल्यात थोडे युरो उरले होते. ते वाटून घ्यायचे की चीजकेकची आणखी एक बशी मागवायची, यावर दारातच मतदान झालं. खजिनदार सोडून सगळे बशीच्या बाजूने.