दर महिन्याचा दुसरा मंगळवार

२१ ऑक्टोबर हा पोलीस स्मृतिदिन. १९५९ साली या दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्ज इथे दहा पोलीस जवान शहीद झाले, म्हणून तो देशभर पाळतात. माझा थोरला भाऊ, दादा, गेल्यापासून दरवर्षी मायला त्या दिवशी सन्मानाने बोलावणं यायचं. पुढच्या रांगेत खुर्ची, शाल, श्रीफळ. मग बंदुकांची सलामी. पहिली फैर झडली की माय माझा दंड असा धरायची की घरी आल्यावरही बोटांचे वळ दिसत. त्यानंतर चार-चार दिवस तिच्या पोटात अन्न जात नसे. तोवर दिवाळीचे फटाके सुरू होत. सात वर्षं हे चाललं. तिला तिथे नेण्याआधी एकदा विचारावं, हे मला सुचलं नाही.

आमचं गाव आरमोरी तालुक्यात, धानाच्या बांध्यांमधलं. दादा गडचिरोली पोलिसांत होता. २००९ हे साल आमच्या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. फेब्रुवारीत मरकेगावला १५, मे महिन्यात हत्तीगोट्याला १६ आणि ऑक्टोबरमध्ये लाहेरीला १७ पोलीस नक्षलवाद्यांच्या हल्ल्यांत गेले. दादा त्याच काळात गेला. कुठे, कसा, ते इथे लिहीत नाही. त्याच्यासोबत होते त्यांच्याही घरी आया आहेत.

तेरवीपर्यंत अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. तेरवी झाली आणि लोक आपापल्या कामाला लागले. त्यात कोणाचा दोष नाही. पण मायचं दुखणं तिथून पुढे सुरू झालं. छातीत धडधड, हातापायांना मुंग्या, रात्री दोनला उठून फाटकाची कडी काढून ठेवणं. दवाखान्यात सलाईन लावलं, ईसीजी काढला, काही निघालं नाही. पुजाऱ्याकडे कोंबडा दिला. वहिनीला अनुकंपा तत्त्वावर नोकरी लागली तशी ती लेकराला घेऊन गडचिरोलीला राहायला गेली, आणि माय तिचं नाव घेईनाशी झाली.

२०१६ च्या उन्हाळ्यात आशाताई कागद घेऊन आल्या. त्यावर नऊ प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागते का, भूक लागते का, कशात मन लागतं का. माय मान हलवत होती. शेवटचा प्रश्न होता, मरून जावं असं मनात येतं का. माय म्हणाली, "रोजच येते जी." मी दारात धानाचं पोतं शिवत होतो. सात वर्षं एका छपराखाली राहून मला हे ठाऊक नव्हतं.

आशाताईंनी ग्रामीण रुग्णालयाची चिठ्ठी दिली. महिन्यातून एकदा, दुसऱ्या मंगळवारी, जिल्ह्याहून मानसोपचाराचे डॉक्टर येत आणि सोबत समुपदेशक मॅडम. डॉक्टरांनी गोळी लिहिली आणि नीट समजावलं. पहिले काही दिवस मळमळेल, गुण यायला दोन ते चार आठवडे लागतील, बरं वाटलं तरी आपल्या मनाने बंद करायची नाही. तिसऱ्या महिन्यात माय पोटभर जेवायला लागली आणि मी नेमकं तेच केलं, गोळी बंद केली. पंधरा दिवसांत फाटकाची कडी पुन्हा निघाली. ज्यांच्या घरी अशी गोळी सुरू आहे, त्यांनी माझ्यासारखं करू नये.

मॅडमनी पहिल्या तीन मंगळवारी दादाच्या मरणाचा विषयच काढला नाही. तो काय खायचा, हे विचारलं. माय सुकटीच्या झिंग्यांवर बोलली, वांग्यात घातलेल्या. अर्धा तास बोलली. चौथ्या वेळी तिने आपणहून सांगितलं की पेटी उघडूच दिली नाही. तोंड पाहिलं नाही. पेटीत दुसराच कोणी असेल, असं तिला सात वर्षं वाटत होतं. कडी ती त्याच्यासाठी काढून ठेवत होती.

दादाची ओळख मी पटवली होती, गडचिरोलीला, आणि ते मी घरी कधी काढलं नव्हतं. मॅडमनी मला वेगळं बसवलं. पुढच्या मंगळवारी मायला किती सांगायचं, कुठे थांबायचं, तिने विचारलंच तर खोटं बोलायचं नाही, हे आधी ठरवलं. त्या दिवशी मी सांगितलं की डाव्या अंगठ्यावरचा विळ्याचा वण मी पाहिला, तो दादाच होता. माय बराच वेळ माझ्या अंगठ्याकडे पाहत राहिली. मग विचारलं, "दुखलं असन का रे त्याले?" मी म्हणालो, मला माहीत नाही माय. तेव्हा ती रडली, आणि मीही रडलो. मला वाटायचं मी मायला घेऊन येतो. मॅडमनी त्या दिवशी माझाही केसपेपर काढायला लावला.

याने सगळं निस्तरलं असं नाही. दोन वर्षांनी मॅडमचं कंत्राट संपलं आणि पाच महिने कोणी आलं नाही. नवीन आलेल्यांनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं, तेव्हा माय उठून बाहेर गेली. आमच्यासारख्यांना माणूस तोच लागतो, हे मी अगदी ठासून सांगतो. मॅडमनीच एकदा सांगितलं होतं, नॉर्वेत २०११ मध्ये उतोया बेटावर एकाने गोळीबार केला, ६९ जण गेले, तेव्हा तिथल्या नगरपालिकांनी प्रत्येक घराला ठरलेला एक माणूस नेमून द्यायचा असं ठरलं. निदान वर्षभर त्यानेच घराशी संपर्क ठेवायचा, घरच्यांनी त्याला शोधायचं नाही. दुःखातला माणूस मदत मागायला उठतच नाही, हे तिथे कोणाला तरी कळलं. आता आपल्याकडे १४४१६ वर टेली-मानस आहे, मनाच्या दुखण्यासाठीची सरकारी फोनसेवा. दिवसरात्र, मराठीत, फुकट. अशा मधल्या काळात तेवढा आधार होतो, पण माझ्या मते ते दर महिन्याच्या ओळखीच्या तोंडाची जागा घेत नाही.

नवीन मॅडम टिकल्या आणि त्यांनी सहा-सात बायांचा गट बसवला. त्यात शेजारच्या गावची एक बाई येते. तिच्या नवऱ्याला पोलिसांचा खबरी ठरवून नक्षलवाद्यांनी रात्री घरातून नेलं. त्याच्यासाठी फैरी नाहीत, शाल नाही, गावातही लोक हळू आवाजात बोलतात. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "तुमच्या पोराचा फोटो भिंतीवर तरी लावता येते." मायने ते ऐकलं आणि पुढच्या वेळी तिच्या शेजारी जाऊन बसली. आता त्या दोघींची जागा ठरलेली आहे.

२१ ऑक्टोबरला माय अजून जाते. मी आधी जाऊन साहेबांना अर्ज दिला. त्यांनी लगेच ऐकलं, आम्ही फैरी संपल्यावर आत येतो. गेल्या वर्षी फैरी होईस्तोवर माय बाहेर चहाच्या टपरीवर बसली होती, वहिनी तिच्या बाजूला होती, नातू ताटकळून विचारत होता, "आजी, संपलं का?" मायने बोटांवर फैरी मोजल्या आणि म्हणाली, "संपलं. चल."