इंग्रजांचं ‘अंदाजे’ आणि ‘कमीत कमी’

आपल्या लातूरकडं लग्नाला किती माणसं येतील म्हणून विचारलं की उत्तर येतं, "येतील की चार-पाचशे", आणि आचारी काय समजायचं ते समजून सहाशेचा अंदाज धरतो. इंग्लंडात यायच्या आधी मला वाटायचं की इथं आकडा म्हणजे आकडाच असंल. तसलं काही नाही बगा, हे लोक पण अंदाजपंचेच बोलायलेत, फक्त त्यांचे ते शब्द आपल्या शाळेच्या पुस्तकात नव्हते.

कुणी जेवायला ‘सेव्हनिश’ला या म्हणलं तर सातच्या आसपास, पण सातच्या आधी दारात उभं राहायचं नाही, दहा मिनिटं उशिरा गेलेलं चालतं. ‘कपल ऑफ मिनिट्स’ म्हणजे कागदावर दोन मिनिटं, खरी किती ते समोरच्या माणसावर. ‘अ गुड टू अवर्स’ मला लगेच कळलं, कारण आपण पण "चांगले दोन तास बसवून ठेवलं" म्हणतोच की, म्हणजे दोन तर पक्के, वर किती गेले ते विचारू नका.

‘थर्टी-ऑड’ मात्र जरा बारकाईनं घ्या. आपलं तीसेक अठ्ठावीसही असू शकतं आणि बत्तीसही, पण थर्टी-ऑड म्हणजे तीस आणि वर थोडे, खाली नाही. दोन्हीकडं झुकणारं पाहिजे तर ‘गिव्ह ऑर टेक’ आहे. आणि ऑफिसात पगाराचं किंवा बजेटचं बोलताना ‘नॉर्थ ऑफ फिफ्टी थाउजंड’ म्हणले तर पन्नास हजाराच्या वर, नकाशात उत्तर वर असते म्हणून (हे मला लई आवडलं).

‘नो लेस दॅन ट्वेल्व्ह पीपल’ असं कुणी गप्पांत म्हणलं तर ते आपलं "तब्बल बारा माणसं", बोलणाऱ्याला आकडा जास्त वाटायलाय. पण भाड्याच्या करारात ‘नॉट लेस दॅन’ आलं की तिथं आश्चर्य वगैरे काही नाही, सरळ किमान. दुकानातल्या ‘अप टू 70% ऑफ’चं काय सांगायचं, आपल्याकडच्या दिवाळी सेलसारखंच, सत्तर टक्केवाला शर्ट कोपऱ्यात एकच आणि तो पण आपल्या मापाचा नाही.

तर बोलताना एवढी ढिलाई, पण सरकारी कागदावर ‘ॲट लीस्ट’ आलं की ही माणसं एक दिवस सोडत नाहीत. इकडं शिकायला यायची तयारी करायलेल्या पोरांनी हे नीट वाचा. स्टुडंट व्हिसासाठी दाखवायची रक्कम खात्यात सलग किमान 28 दिवस पाहिजे, आणि तो 28 वा दिवस अर्जाच्या तारखेपासून मागं 31 दिवसांच्या आत यायला पाहिजे. 28 म्हणजे महिनाभर-बिनाभर नाही, आणि सरासरी पण नाही, मधे एक दिवस जरी बॅलन्स त्या रकमेच्या खाली गेला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. उदगीरच्या एका पोराच्या वडिलांनी मधेच खत-बियाण्याला पैसे काढले, दोन दिवसांत परत भरले, तरी सगळं नव्यानं मोजावं लागलं. म्हणून तेवढे दिवस त्या खात्याला हातच लावू नका, आणि रकमेच्या वर थोडे जास्तीचे ठेवा, बँक चार्जेस कापायच्या आधी काही विचारत नाही, आणि पौंडाचा भाव पण रोज हलायलाय.