भंडारदरा फिक्स!
आज अख्खा रविवार भंडारदऱ्याच्या प्लॅनिंगमध्येच गेला. रतनवाडीतल्या एका मावशींना खोलीसाठी फोन केला तर म्हणाल्या, आत्ताच या बाई, खुरासणी पिवळीधम्मक फुललीय, भाताच्या लोंब्या वाकल्यात, दिवाळीनंतर आलात तर नुसती मोकळी खाचरं दिसतील. मग काय, कोजागिरीच्या आसपासचे दोन दिवस ठरवूनच टाकले! आईला अमृतेश्वराचं देऊळ निवांत दाखवायचंय, कळसूबाई १६४६ मीटर, तिच्या गुडघ्यांना नाही झेपणार, ते बारी गावातून खालूनच बघू. रात्री धरणाच्या पाण्यावरचं चांदणं बघत मसाला दूध प्यायचं, थर्मास आत्ताच घासून ठेवलाय. बाबा गेल्यापासून आई कुठे निघतच नव्हती, आज जेवताना स्वतःहून म्हणाली, माझा तो निळा स्वेटर काढून ठेव गं.